भूमिका : एकशेवीस बाय ऐंशी

भंडारा,
२१ सप्टेंबर २०२५

मामाजींना गुंजनचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. मोबाइल वसतिगृहाच्या बाईंच्या कपाटात असतो. रविवारी थोडा वेळ मिळतो, तो आईबाबांनाच पुरत नाही. शिवाय तुम्हीच म्हणता, फोनवर माणूस ‘जेवली का’ आणि ‘ठेवतो’ याच्या मधलं काही बोलत नाही.

जे सांगायचं आहे ते नाकाडोंगरीला घरी सांगायची सोय नाही, म्हणून एकोडीला लिहिते आहे. मी नापास झाले. तसं म्हणायचं नसतं. नर्सिंगचा अभ्यासक्रम आता क्षमताधिष्ठित झाला आहे. त्यातून नापास हा शब्द काढून टाकला आहे, नापास होणं तेवढं शिल्लक ठेवलं आहे. माझ्या कागदावर ‘अद्याप सक्षम नाही’ असा शिक्का बसला.

आमच्याकडे पेशंट म्हणून एक पुतळा आणला आहे. रबराचा, परदेशी. डोळे मिटतो, उघडतो, छाती वरखाली होते. आधी त्याच्यावर चुका करायच्या म्हणजे खऱ्या माणसावर कमी होतात, ही कल्पना मला अगदी मनापासून पटते. पण पुतळा महाग, म्हणून त्याच्यावर चुका करायला मनाई आहे. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. आम्ही प्लॅस्टिकवरून नाडी बघतो.

परीक्षेत त्याचा रक्तदाब मोजायचा होता. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावली, हळूहळू हवा सोडली. काही ऐकू आलं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. मी गोपीचंद सरांना तसं सांगितलं. हे आमचे सिम्युलेशनचे सर. नागपूरच्या कार्यशाळेला जाऊन आल्यापासून त्यांना विचारल्याशिवाय पुतळ्याची चादरही कोणी बदलत नाही. नंतर कळलं की त्या दंडातला आवाज केव्हाचा बंद पडलेला आहे. बाकी सगळ्यांनी १२०/८० सांगितलं, कारण उत्तराच्या कार्डावर तेच छापलेलं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण जे ऐकू आलं नाही ते आलं म्हणून कसं सांगायचं?

माझ्या खोलीतली टीना म्हणाली, “सांगून द्यायचं ना एकशेवीस-ऐंशी. तो रबराचा माणूस का उठून नाही म्हणणार आहे?”

आता आणखी दोन संधी. त्याही गेल्या तर पुढच्या सत्राला बसू देत नाहीत. आणि बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं आहे, एक जरी सत्र अडकलं तर सामान उचलून घरी यायचं. मला हे शिक्षण सोडायचं नाही, मामाजी. काय करू ते सांगा.

तुमची भाची,
गुंजन

———

एकोडी,
२८ सप्टेंबर

गुंजन बेटा,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं, तुझ्या मामीसाठी. ती भांडी घासता घासता म्हणाली, “पोट्टी खरं बोलली तं नापास काहून?” तिला रंगभूमीची जाण नाही, म्हणून तिचं मनावर घेऊ नकोस.

तुझी चूक मी सांगतो. तू प्रयोगाला गेलीस आणि त्याला खरं समजलीस. जन्म गेला माझा मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या मंचावर. दारूच्या बाटलीत कोरा चहा असतो, म्हणून मी कधी प्रेक्षकांना थांबवून सांगितलं नाही की मायबापहो, हा चहा आहे. आपल्या नाटकमंडळीतल्या यादोरावची तलवार पत्र्याची असते. तो दर साल तिनं मला मारतो आणि मी दर साल मरतो. संहितेत १२०/८० लिहिलं आहे ना? मग १२०/८० म्हणायचं आणि पुढच्या संवादाला लागायचं. पुतळा बिचारा त्याचं काम चोख करतो आहे. तू त्याला उघडं पाडायला निघालीस.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत माझी भूमिका मालगुजाराची आहे. तिसऱ्या अंकात त्याला हृदयाचा झटका येतो. तालमी सुरू झाल्या आहेत. यादोराव म्हणतो की मी इतका हुबेहूब धापा टाकतो की त्याला पुढचा संवाद आठवत नाही. सकाळी डोकं जड असतं, ते तालमीच्या जागरणानं. मोठ्या भूमिकेला तेवढी किंमत द्यावी लागते.

घाबरू नकोस. संहितेवर विश्वास ठेव.

तुझा मामा,
जागेश्वर

———

भंडारा,
६ ऑक्टोबर

मामाजींना नमस्कार.

संहितेवर विश्वास ठेवायचं ठरवलं होतं, पण पुतळाच राहिला नाही. दसऱ्यानं नेला.

झालं असं. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या उपकरणांची पूजा असते. रक्तदाबाची यंत्रं, नळ्या, चिमटे, वजनकाटा, सगळं टेबलावर मांडलं होतं. आमचे शिपाई देवाजीकाका पुतळ्यापाशी येऊन अडले. प्राचार्या गोदावरी मॅडमना विचारू लागले, “मॅडम, याले उपकरणात धरू का पेशंटमंदी?”

यावर बैठक झाली. गोपीचंद सरांचं म्हणणं, तो रुग्ण आहे, त्याला रुग्णासारखंच वागवायचं, नवीन शिक्षणपद्धतीचा तो पायाच आहे. मॅडमनी नोंदवही मागवली. पुतळ्याची नोंद ‘डेड स्टॉक’मध्ये निघाली. मग प्रश्नच मिटला, उपकरण ठरलं. देवाजीकाकांनी त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, उशाशी उदबत्ती लावली आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर नारळ फोडला. पाणी सगळं छातीखालच्या यंत्राच्या पेटीत. पुतळ्यानं एकदा डोळे उघडले, मिटले, आणि नंतर काही उघडले नाहीत.

तेवढ्यात संस्थेचे एक विश्वस्त भेटीला आले. पांढऱ्या चादरीवर पडलेला माणूस, गळ्यात हार, उशाशी उदबत्ती. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, हात जोडले आणि हळू आवाजात मॅडमना विचारलं, “केव्हा गेले?”

कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, नारळाच्या पाण्याची हमी नसते.

आता पुढची परीक्षा जिवंत माणसावर होणार आहे, आणि नवीन पद्धत म्हणून सगळ्यांचीच पुन्हा. त्याला ‘अभिनीत रुग्ण’ म्हणतात. सरांनी जाहिरातही काढली आहे, की निरोगी, अभिनयाची आवड असलेला गृहस्थ हवा. मला तर बरंच वाटलं. जिवंत माणसाच्या दंडातून आवाज नक्की येईल, आणि येईल तो मी लिहीन. यावेळी मी पास होणार.

गुंजन

———

एकोडी,
९ ऑक्टोबर

गुंजन बेटा,

पत्र पोचलं. धानाची आणि तालमीची एकच घाई आहे. काही दिवस माझं पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. कलावंताला कधी कुठून बोलावणं येईल सांगता येत नाही. मी काही बोललो नाही, तूही काही विचारू नकोस.

जागेश्वर

———

भंडारा,
१ नोव्हेंबर

मामाजी,

तुम्ही मेलात त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक मुलीच्या नंबराला मेलात, हे जरा जास्त झालं. कार्डावर ‘छातीत दुखते, घाम येतो’ एवढंच होतं. मरण कुठेही छापलेलं नव्हतं.

टीना रडतच बाहेर आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, “तो बुढा माया हात धरून म्हणते, माया लेकाले सांगजो, धानाच्या बांधीतलं पाणी सोडू नको. मले काही सुचलंच नाही. पट्टा बांधला, पण त्याच्या बोंबलण्यात आवाज का ऐकू येते? लिहून देलं एकशेवीस-ऐंशी.” ती सक्षम झाली. सहानुभूतीचे गुण वेगळे मिळाले.

माझा नंबर आला. दार उघडलं आणि खाटेवर तुम्ही. मी लगेच सरांना म्हटलं, हे माझे मामा आहेत, हे नियमात बसतं का? सरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, “कार्डावर रुग्णाचं नाव कवडू आहे. तुझे मामा इथे आलेलेच नाहीत.”

मग मी कवडूचा रक्तदाब मोजला. तुम्ही मरायला सुरुवात केलीत तेव्हा तुम्हाला गप्प राहायला सांगितलं, आठवत असेल. पट्टा सोडला, थोडं थांबून पुन्हा मोजला. १८८/११२. मी तेच लिहिलं.

सर म्हणाले, “उत्तर १२०/८० आहे.”

मी म्हटलं, सर, यांचा खरंच जास्त आहे.

“अरे, तो माणूस अ‍ॅक्टिंग करून राहिला. अ‍ॅक्टिंगनं का बीपी वाढते?”

“म्हणूनच तर म्हणते सर.”

मी नळी त्यांच्यापुढे धरली, म्हटलं तुम्हीच ऐका. तर परीक्षकानं रुग्णाला हात लावायचा नाही असं नियमावलीत आहे म्हणाले. मग शेरा लिहिला : ‘मोजमाप मंजूर उत्तराशी जुळत नाही. अद्याप सक्षम नाही.’ आणि तुमच्याकडे वळून म्हणाले, “वा, याले म्हणतात हाय फिडेलिटी, एकदम असलीसारखं.”

शिक्क्याचं दुःख मी नंतर करीन. हा आकडा साधा नाही, मामाजी. यात डोक्यातली नस फुटू शकते. तुम्ही ताबडतोब साकोलीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. तुमचं ते जड डोकं जागरणाचं नाही.

गुंजन

———

एकोडी,
५ नोव्हेंबर

चि. गुंजन,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. माझ्या कामाबद्दल तुझ्या सरांनी जे चांगले शब्द काढले ते तू पत्राच्या शेवटी, घाईघाईनं, दोन शब्दांत उरकलेस. तुमच्या कॉलेजात बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

आता तुझ्या आकड्याबद्दल. तुझ्या वर्गातल्या एकूणएक मुलींनी माझा रक्तदाब १२०/८० काढला. त्या सगळ्या सक्षम आहेत, तसा शिक्का आहे त्यांच्याकडे. तू एकटी म्हणतेस १८८, आणि तू अद्याप सक्षम नाहीस. आता मी कोणाचं ऐकू ते तूच सांग. गावातल्या साध्या ग्रामसभेतही असं चालत नाही.

तरीही तुझा मान राखून मी विचार केला, आणि मला उलगडा झाला. तुझा नंबर आला तोवर मी भूमिकेत इतका खोल उतरलो होतो की रक्तसुद्धा भूमिकेत शिरलं. यादोरावलाही हे पटलं. तो म्हणाला, “असं मोठ्या नटायचंच होते गा.” तेव्हा यात आजार शोधू नकोस. ती कला आहे.

पुढच्या वेळी सरळ १२०/८० लिही. हात माझा आहे, मी तुला परवानगी देतो.

मंडई परवा आहे. आली असतीस तर बरं झालं असतं.

जागेश्वर

———

एकोडी,
११ नोव्हेंबर

गुंजन बाई,

मी सातवी शिकलेली, चुकलं-माकलं समजून घेजो. तुया मामाजीले सांगू नको का मी पत्र लिवलं. ते बांधीवर गेले तवा लिवून राहिली.

मंडईच्या दिवशी तिसऱ्या अंकात ते पडले ते पडलेच. परदा पडला तरी उठले नाही. लोकायनं टाळ्या वाजवल्या. यादोराव म्हणे, वा गा जागेश्वर. मी मांगून जाऊन पायलं तं डोळे फिरलेले, हातपाय थंडे. तोंडावर पाणी मारलं तवा शुद्धीवर आले. उठल्या उठल्या मले काय विचारतलं माहीत आहे? टाळ्या पडल्या का म्हणे.

दवाखान्यात चला म्हणतलं तं आयकत नाहीत. म्हणतेत, इतक्या पोट्ट्यायनं तपासलं मले, आता डाक्टर का वेगळं सांगणार आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा तं दिवसभर तोंडात. जेवताना लोणच्याची बरणी बाजूलेच. काल बांधीवर झाडाले धरून उभे होते. म्हटलं काय झालं, तं म्हणे संवाद पाठ करून राहिलो.

मी भेतो, बाई. मायं ते आयकत नाहीत, डाक्टरचं आयकणार नाहीत. तुयं आयकतील का नाही माहीत नाही, पण तुया पत्राची वाट पाहतेत, एवढं मले दिसते.

तुयी मामी,
सुलोचना

———

भंडारा,
१५ नोव्हेंबर

मामाजी,

मंडईत तिसऱ्या अंकात काय झालं ते मला कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका, मी सांगणार नाही.

मला रडू आलं हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मग पुढचं नीट लिहिता येईल. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून तुम्ही मंडईत फिरवायचे. तुम्ही मंचावर मेलात की मी रडायची, आणि तुम्ही मेल्या मेल्याच एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. यावेळी तुम्ही डोळा उघडला नाही.

आता ऐका. माझी शेवटची परीक्षा १२ डिसेंबरला आहे. मी मॅडमकडे गेले, म्हटलं मला दुसरा रुग्ण द्या, या रुग्णाचा रक्तदाब खरोखर जास्त आहे. मॅडम म्हणाल्या, वर्षभरासाठी तुमचीच निवड मंजूर झालेली आहे आणि कार्डही छापून आलं आहे. रुग्ण तुम्हीच, आणि उत्तर १२०/८०. चार अंक इकडेतिकडे चालतात, त्यापेक्षा जास्त नाही.

तुम्ही परवानगी दिली असली तरी मी १२०/८० लिहिणार नाही. तुमच्या दंडातून जो आवाज येईल तोच मी लिहीन. १८८ आला तर १८८ लिहीन, शिक्का घेईन, आणि सामान उचलून नाकाडोंगरीला जाईन. मला तुमच्याइतकी कला येत नाही.

म्हणजे आता माझं वर्ष तुमच्या दंडावर आहे. मी कार्ड बदलू शकत नाही, सर बदलत नाहीत. बदलता येण्यासारखे तुम्हीच एक आहात.

गुंजन

———

एकोडी,
२४ नोव्हेंबर

गुंजन,

तू कोणाच्या वळणावर गेलीस ते मला कळत नाही. आमच्या घराण्यात इतकं हट्टी कोणी नव्हतं. मामी म्हणते होतं, पण ती नाव सांगत नाही.

साकोलीला गेलो. डॉक्टर अगदी पोरगेला. त्यानं पट्टा बांधला, मी सवयीप्रमाणे कण्हायला सुरुवात केली, तर म्हणाला, “काका, जरा गप्प बसा.” इतका रुक्ष प्रेक्षक मला आजवर मिळाला नव्हता. दोन्ही दंडांवर मोजलं, मग बसवून ठेवलं, मग पुन्हा मोजलं. आकडा तुझाच निघाला. तो जरा चिडूनच म्हणाला, “इतका जास्त आहे, आजपर्यंत कोणाच्या लक्षात नाही आला?”

मी म्हटलं, एकीच्या आला होता. ती नापास आहे.

गोळ्या दिल्या आहेत, रोज सकाळी. खर्रा बंद. लोणचं, पापड, सुकी मासोळी बंद. तुझ्या मामीचा उत्साह तर विचारू नकोस. डॉक्टर म्हणाला मीठ कमी करा, हिनं मीठच लपवून ठेवलं. काल वरण खाल्लं. ते वरण आहे हे मला सांगावं लागलं. यादोराव घरासमोरून जाताना मुद्दाम खर्रा घोटत जातो.

मी राजे केले, दरोडेखोर केले, मालगुजार केला. पण इतकी अवघड भूमिका कधी वाट्याला आली नव्हती : एकशेवीस बाय ऐंशी. हिच्यात संवाद नाहीत, हातवारे नाहीत, टाळ्या नाहीत. नुसतं आतून शांत राहायचं. मला ते येत नाही, पण तालीम करतो आहे. कालचा आकडा १५०च्या आसपास होता.

एक गोष्ट आताच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर रुसवाफुगवी नको. हे सगळं १२ डिसेंबरपर्यंत, तुझ्या परीक्षेपुरतं. पडदा पडला की गोळी बंद आणि खर्रा सुरू.

जागेश्वर

———

जा. क्र. नक/अभि-रुग्ण/७४
भंडारा, दि. १ डिसेंबर २०२५

प्रति,
श्री. जागेश्वर (भूमिकेतील नाव : कवडू),
मु. पो. एकोडी, ता. साकोली

विषय : अभिनीत रुग्णाचा रक्तदाब मंजूर उत्तराशी सुसंगत ठेवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दि. ३० ऑक्टोबरच्या परीक्षेत आपला अभिनय उच्च दर्जाचा आढळून आला. तथापि, एका विद्यार्थिनीच्या मोजमापात आपला रक्तदाब मंजूर उत्तरपत्रिकेपेक्षा अधिक नोंदविला गेल्याने मूल्यमापनात अडचण निर्माण झाली. उत्तरपत्रिका तज्ज्ञ समितीने मंजूर केलेली असल्याने तीत बदल करता येत नाही.

सबब, दि. १२ डिसेंबर रोजी येताना आपण रक्तदाब १२०/८० आणावा. तसेच कार्डात नमूद नसल्याने मृत्यू पावू नये.

प्राचार्या

———

भंडारा,
१४ डिसेंबर

मामाजी,

१२४/८२.

मी दोनदा मोजला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझाच विश्वास बसेना. तुम्ही डोळे मिटून, हात पोटावर ठेवून पडला होता. छातीत दुखतं का विचारलं तर नुसतं ‘हो’ म्हणालात. सरांची थोडी निराशा झाली, तुमचा अभिनय दाखवायला ते दोन पाहुणे घेऊन आले होते.

मी आकडा लिहिला. सरांनी कार्डाशी ताडून पाहिला, चार अंकांच्या आत बसला. शिक्का मारला : ‘सक्षम’. आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बघ, सराव केला की बरोबर येते. मागच्या वेळी तुझं मोजणंच चुकलं होतं.”

मी शिक्क्याचा कागद घेतला आणि आभार मानले. त्या माणसाला आनंद झाला होता. बाहेर येऊन मात्र टीनाला सगळं सांगितलं. तिनं देवाजीकाकांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा रक्तदाब मोजला, यावेळी खरोखर ऐकून. म्हणाली, “बापा, हे ऐकायले तं खरंच येते व.” आता वर्गातल्या बाकीच्या मुलीही काकांच्या मागे लागल्या आहेत. ते पट्टा दिसला की बाग झाडायला जातात.

आता एक महत्त्वाचं. शिक्का मिळाला, पण तो कायमचा नाही. नवीन अभ्यासक्रमात एक नियम निघाला आहे, ‘क्षमता-सातत्य’ म्हणून. ज्या रुग्णावर विद्यार्थिनी सक्षम ठरली त्याच रुग्णाचा रक्तदाब दर महिन्याला सरकारी दवाखान्यात मोजून, डॉक्टरांच्या सहीनं कळवावा लागतो. माझं शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे अजून अडीच वर्षं. एकाही महिन्यात तो वाढलेला आढळला तर माझा शिक्का रद्द. तेव्हा गोळी बंद करता येणार नाही. खर्राही नाही. नियमच तसा आहे, मी तरी काय करणार.

मामींना सांगा, वरणात थोडं मीठ चालतं.

तुमची भाची,
गुंजन

———

एकोडी,
४ जानेवारी २०२६

गुंजन बेटा,

‘क्षमता-सातत्य’ वाचलं. काळजीत पडलो. अडीच वर्षं हा काही थोडाथोडका काळ नाही. मागच्या आठवड्यात नाटकासाठी मिशा आणायला भंडाऱ्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तुझ्या कॉलेजात डोकावलो. तुला सुट्टी होती. देवाजी भेटला. त्याला म्हटलं, तो दर महिन्याचा नियम जरा सैल करता येते का पाहा. तो म्हणाला, “कोणता नियम गा? पोरगी पास झाली, विषय संपला.”

म्हणजे तू खोटं बोललीस.

परतीच्या एस.टी.त सगळी वाट मी हाच विचार करत आलो. रबराच्या पुतळ्यापुढे एक आकडा खोटा सांगायला जी तयार नव्हती, दोनदा नापास झाली, घरी जायला तयार झाली, ती पोरगी मला पानभर खोटं लिहिते. आणि तेही इतकं कच्चं. एवढा मोठा सरकारी नियम, आणि त्याला जावक क्रमांक नाही? तुझ्या मॅडमच्या पत्राला होता. असं नेपथ्य अर्धवट ठेवून प्रयोगाला उभं राहू नये, बेटा. मागच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

घरी आलो आणि मामीला तुझं ते पत्र वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. मग मलाच जरा बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

असो. मीच तुला शिकवलं होतं की प्रयोग चालू असताना बाटलीत चहा आहे असं ओरडायचं नसतं. तेव्हा हा नियम मला मान्य आहे. यादोरावलाही मी नियम सांगितला. त्यानं आता माझ्यासमोर खर्रा घोटणं सोडलं आहे. सरकारी काम आहे म्हणतो, पोरीचं वर्ष जाईल.

डिसेंबरचा आकडा सोबत पाठवतो आहे, साकोलीच्या डॉक्टरच्या सहीनं. १२८/८४. कार्डाशी जुळत नाही. पण खरा आहे, तेव्हा तुला चालेल.

तुझा मामा,
जागेश्वर